बारा बादल्यांचे गणित

‘वयोमानाने भान सुटून मी आठवीच्या वर्गात शिरलो व सरांचा अवमान केला. क्षमा असावी.’

हे वाक्य माझे नाही. मुख्याध्यापकांनी ते टंकून आणले आणि खाली माझ्या सहीची जागा सोडली. निवृत्तीला आठ दिवस होते. माझे सेवापुस्तक त्यांच्या खणात. खणाची किल्ली त्यांच्या बोटाभोवती फिरत होती.

मी शिरलो नाही. मला बोलावले गेले.

मी इंदापूरकडचा, बारामतीच्या या शाळेत तीस वर्षे शिपाई. हजारो वेळा फळा पुसला, पण वाचल्याशिवाय एकदाही नाही. त्या दिवशी सूचनावही घेऊन दारात उभा होतो. सर म्हणजे संस्थाचालकांचे चिरंजीव. फळ्यावर बारा बादल्यांची टाकी. काढल्या दोन, उरल्या दहा. काढल्या चार, उरल्या आठ. खाली लिहिलेले : ‘व्यस्त चलन’. पुढच्या बाकावरची मुलगी उभी होती. ‘सर, हे व्यस्त वाटत नाही,’ एवढे म्हटल्याची शिक्षा.

“तात्या, या आत. टाकी तुम्हीच भरता ना? बादल्या काढल्या की पाणी घटतं का वाढतं?”

“घटतं.”

“बघ गं! शिपायाला कळतं, तुला कळत नाही.”

वर्ग हसला. ती रडू लागली. माझी अक्कल तिच्या तोंडावर मारायला वापरली होती.

“सर, घटतंय, पर हे व्यस्त न्हाय. त्यात दोन आकड्यांचा गुणाकार दर येळी तोच यावा लागतो. टाकी भरायला दोघी असल्या तर सहा-सहा खेपा, तिघी असल्या तर चार-चार. गुणाकार बाराच. ते व्यस्त. पोरगी बरोबर हाय.”

हसू थांबले. सरांनी डस्टर माझ्या छातीवर टेकवले.

“तुमचं काम पुसायचं. पुसा.”

मी डस्टर टेबलावर ठेवले.

“न्हाय पुसणार.”

मुख्याध्यापकांनी आपल्या खोलीचे दार लावून घेतले. आवाज अगदी मऊ. “सही करा, तात्या. पेन्शनचे कागद हरवतातसुद्धा.”

मी तो कागद उलटा केला, पाठीवर दोन ओळी लिहिल्या आणि परत दिला.

सेवापुस्तक अजून त्या खणातच आहे. म्हातारा चळला, असे गावभर सांगितले जाते. सांगोत. मी रोज शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो, आणि विचारील त्याला त्याच दोन ओळी ऐकवतो :

बे दाहे वीस.

चार आठे बत्तीस.