मेट्रनबाईंना आलेली किळस

आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मेट्रनबाई हॉलमध्ये बसल्याच नाहीत. वसईजवळ नायगावच्या नव्या इमारतीत राहायला येऊन आम्हाला चार दिवस झाले होते, खोकीसुद्धा पुरती उघडली नव्हती. समोरच्या फ्लॅटमधून एक ठेंगण्या, ताठ मानेच्या बाई आल्या. हातातली केळ्यांची फणी माझ्याकडे देत म्हणाल्या, "मी समोरची, आग्नेस. तुझं बाथरूम कुठे आहे?"

मला वाटलं, घाई असेल. त्या आत गेल्या, जाळीकडे वाकून पाहिलं, फरशीवर अंगठा घासून त्याचा वास घेतला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "ठीक आहे. आता चहा पिते."

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात त्यांनी नर्स म्हणून छत्तीस वर्षं काढली होती, शेवटची काही वर्षं मेट्रन म्हणून. लग्न केलं नाही. वसईच्या गावातलं घर भावांकडे सोडून, गुडघे बोलायला लागल्यावर लिफ्टच्या इमारतीत येऊन राहिल्या. गावाकडचं कुणी आलं की त्यांची घरची बोली सुरू व्हायची आणि त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. माझ्याशी मात्र वॉर्डातलं मराठी. छोटी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्य हुकूम. "वर्षा, बस." "वर्षा, ते फडकं फेक."

माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांच्या पाठीला जखम झाली, तेव्हा मेट्रनबाई न बोलावता रोज सकाळी यायच्या. जखमेचा वास असा होता, की नवरा दारातूनच मागे फिरायचा आणि मी नाकाला पदर लावायचे. त्यांनी एकदा माझा पदर हाताने खाली केला. म्हणाल्या, "त्यांना दिसतंय. किळस येते त्यात वाईट काही नाही. आधी हातमोजे घाल, मग येऊ दे." मग सासूबाईंशी भाजीच्या भावावर गप्पा मारत त्यांनी ती जखम स्वच्छ केली. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. पू, रक्त, ओकारी, कशानेच तो बदलत नसे. तो बदललेला मी एकदाच पाहिला, आणि तोही एका अशा ठिकाणी, जिथे कुठेही धुळीचा कण नव्हता.

त्यांच्या बहिणीची मुलगी शेरल वांद्र्याला राहते, मोठ्या कंपनीत आहे. मावशीची पंच्याहत्तरी साजरी करायची, तिला एक दिवस राणीसारखं फिरवायचं, असं तिने ठरवलं. गुडघ्यांमुळे सोबत कुणीतरी हवं म्हणून मीही गेले. शेरलने गाडी पाठवली होती.

मुंबईत एका जुन्या गिरणीच्या आवारात आता दुकानं आणि हॉटेलं आहेत. गिरणीची चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे. गाडीतून उतरल्यावर थंड, गोडसर वासाच्या हवेत शिरलो. पहिल्याच दुकानात काचेच्या चौथऱ्यावर एकच पर्स ठेवली होती आणि वरून तिच्यावर दिवा सोडला होता. शेरलने ती बघायला मागितली, तर विक्रेत्याने पांढरे हातमोजे चढवले. मेट्रनबाई निरखून पाहत राहिल्या.

"ह्या पर्सला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, मॅम. डाग पडू नये म्हणून."

"आमच्याकडे मोजे संपायचे, तेव्हा बायकांची बाळंतपणं उघड्या हातांनी केली आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. त्याने हसून मान डोलवली. त्याला काही कळलं नव्हतं.

तीन तास आम्ही फिरलो. ओल्या मातीच्या वासाची मेणबत्ती पाहिली. कुत्र्यांसाठी केक विकणारं दुकान पाहिलं. शेरलने मावशीला एक शाल घेतली. मेट्रनबाईंनी ती पोरीचं मन राखायला अंगावर ओढली. शेरल वाईट नाही, हे इथे सांगायला हवं. मावशी दमली की आधी तिलाच कळत होतं आणि ती खुर्ची शोधत होती.

जेवायला तिने महिनाभर आधी टेबल राखून ठेवलेलं होतं. पहिला पदार्थ आला निळ्या काठाच्या पांढऱ्या इनॅमलच्या भांड्यात, दुसरा घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या स्टीलच्या ट्रेमध्ये. मी मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्यांनी ट्रेच्या कडेवरून बोट फिरवलं.

"शेरल, हा किडनी ट्रे आहे."

"हो मावशी, त्यांची थीम आहे. सगळं जुनं, व्हिंटेज."

"ह्यात आम्ही गळवातला पू धरायचो. आणि त्या भांड्यात ओकारी."

शेरल हसली, मीही हसले. मेट्रनबाईंनी त्यातलाच एक कबाब उचलून खाल्ला. अजून त्यांचा चेहरा नेहमीचाच होता. शेजारच्या टेबलावर सहाजणांसाठी भरगच्च ताटं आली. त्यांनी उभं राहून फोटो काढले, थोडं चिवडलं आणि उठून गेले. पोऱ्याने सगळं एका काळ्या पिशवीत ओतलं. मेट्रनबाई ती पिशवी आत जाईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वर्षा, चल जरा. बाथरूम बघू."

बाथरूम आमच्या हॉलपेक्षा मोठं होतं. संगमरवर, पांढरी ऑर्किड, हात पुसायला गुंडाळलेले छोटे टॉवेल. त्यांनी नेहमीप्रमाणे वाकून पाहिलं, अंगठा घासला. कोपऱ्यात राखाडी गणवेशातली चाळिशीची बाई पाठ भिंतीला लावून उभी होती.

"तू ठेवतेस हे?"

"हा, म्याडम."

"छान ठेवतेस. माझ्या वॉर्डात अशी बाई मिळाली असती, तर मी तिला सोडली नसती. नाव काय?"

"सुगंधा." ती लाजली. कुठली, म्हणून विचारलं तर म्हणाली, विरारची, मनवेलपाड्यात राहते. आम्ही नायगावच्या म्हटल्यावर ती जरा सैल झाली. मेट्रनबाईंनी विचारलं, "जेवलीस?" तिने एका अरुंद दाराकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं. आत पोछे, फिनेल आणि अ‍ॅसिडच्या बाटल्या होत्या, आणि उलट्या बादलीवर तिचा डबा उघडा ठेवलेला होता. आतल्या उग्र वासाने डोळ्यांत पाणी येत होतं.

"तिथे जेवतेस?"

"भाईर बसलेलं चालत नाय. जेवनाची जागा खाली बेसमेंटला हाय, पन मी गेल्यावर इथं कोन उभं ऱ्हानार?"

मेट्रनबाई तिच्या पायांकडे पाहत होत्या. घोटे सुजलेले होते. त्यांनी न विचारता तिच्या कपाळावर हात ठेवला.

"तुला ताप आहे. लघवीला जळजळ होते?"

सुगंधाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"शेवटची कधी गेलीस?"

"सकाळी घरून निघतानी. हितलं आमाला चालत नाय, हे कस्टमरचं हाय. आमचं दोन मजले खाली. म्हनून मी पानीच पीत नाय."

दहा स्वच्छ संडास होते त्या खोलीत. दहाही रिकामे होते. ती ते दिवसभर घासत होती आणि त्यातला एकही तिच्यासाठी नव्हता. तेव्हा मी मेट्रनबाईंचा चेहरा बदलताना पाहिला. नाकपुड्या फुलल्या, वरचा ओठ मागे सरकला. नासकं दूध तोंडात गेल्यावर होतो तसा.

"जा," त्या म्हणाल्या. "ह्यातल्या कुठल्याही एकात जा. मी दाराशी उभी आहे."

"नको बाई. कोनी बघितलं तर."

"जा म्हणते ना मी."

तो मेट्रनचा आवाज होता. ती गेली. मेट्रनबाई शाल सावरून दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली. सुगंधा गणवेश नीट करत संडासातून बाहेर पडताना तिला दिसली. ती बाई तशीच परत फिरली आणि दोन मिनिटांत काळा कोट घातलेला मॅनेजर बाथरूमच्या दाराबाहेर येऊन उभा राहिला.

"मॅडम, ये गेस्ट वॉशरूम है. स्टाफ अलाउड नहीं है."

"ही पण गेस्ट आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझी. आज माझा वाढदिवस आहे. ही माझ्या टेबलावर जेवेल. आणि तुम्ही माणसाला मुतायला बंदी करता, तर ही फुलं कशाला ठेवता?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण बाहेरच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मॅनेजर हसतच होता. हसत हसत त्याने सुगंधाच्या छातीवरचं नाव वाचलं. सुगंधाने हात जोडले, पण त्याच्याकडे बघून नाही, मेट्रनबाईंकडे बघून.

"बाई, तुमी जावा. पाया परते. जावा तुमी."

आम्ही टेबलावर परत आलो. शेरलने सांगून ठेवलेला केक आला, वेटर टाळ्या वाजवत गायले. मेट्रनबाईंनी सुरी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. "शेरल, रागावू नको. मला इथे गिळवत नाही." परतीच्या वाटेवर, खाडीवरचा पूल ओलांडल्यावर एवढंच म्हणाल्या, "वर्षा, मी त्या बाईचं नुकसान केलंय."

पुढच्या रविवारी आम्ही मनवेलपाड्याला गेलो. हाताशी फक्त नाव होतं. किराणावाल्याला विचारलं, नळावरच्या बायकांना विचारलं. सुगंधा तीन निघाल्या, तिन्ही वेगळ्या. त्यानंतरच्या रविवारी मुंबईला सफाईच्या कामाला जाणाऱ्या एका बाईने चाळीतली टोकाची खोली दाखवली. मेट्रनबाई गुडघे धरत पहिला मजला चढल्या.

सुगंधा दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"दुसऱ्या दिवशी माजा पासच चालंना गेटवर. तुमाला राग आला, तुमी बोलल्या, गारीत बसून गेल्या. मी सांगितलेलं तुमाला, माज्यासाठी बोला म्हनून?"

"नाही सांगितलंस."

"मंग?"

मला मध्ये बोलावंसं वाटत होतं, की यांनी तुझ्या भल्यासाठीच केलं. मेट्रनबाईंनी हाताने मला थांबवलं. सुगंधा बोलत राहिली, शिव्याही दिल्या, शेजारच्या बायका बाहेर आल्या. मेट्रनबाई कठड्याला धरून सगळं ऐकत उभ्या होत्या.

"मी तुला विचारायला हवं होतं," ती थांबल्यावर त्या म्हणाल्या. "न विचारता हुकूम केला. चुकले मी." आणि मग, त्याच दमात, "ताप गेला का?"

गेला नव्हता. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. त्याच दुपारी तिला दवाखान्यात भरती केली आणि तीन दिवस मेट्रनबाई तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसून होत्या. नंतर वसईतल्या एका नर्सिंग होममध्ये त्यांनी आयाच्या कामासाठी शब्द टाकला. "यायचं की नाही ते तू ठरव," असं या वेळी आधी म्हणाल्या. "आयांना वेगळी खोली आहे, संडास-मोरी आहे. मी बघून आले आहे." सुगंधाने आभार मानले नाहीत. आठवडाभर विचार केला आणि कामावर रुजू झाली.

त्याच दिवसांत मेट्रनबाईंनी मला विचारलं, "तुझ्या ऑफिसात सफाईवाली कुठे जेवते?"

मी त्या ऑफिसात एकोणीस वर्षं आहे. मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिलं. जिन्याखाली, मीटरच्या पेटीजवळ, वर्तमानपत्र अंथरून, आमच्याकडे पाठ करून. त्या जिन्यावरून मी रोज उतरत होते. स्वतःची अशी किळस मला आधी कधी आली नव्हती. महिनाभर साहेबांच्या मागे लागून पँट्रीत तिच्यासाठी एक टेबल मिळवलं. पहिले काही दिवस ती तिथे बसायलाच तयार नव्हती. मीही तिला आधी विचारलं नव्हतं.

गेल्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, मेट्रनबाई झोपेतच गेल्या. गावच्या चर्चजवळ त्यांना पुरलं. सुगंधा ड्यूटीवरून सरळ आयाच्या गणवेशात आली होती, सगळ्यात मागे उभी होती. माती टाकून झाल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "लय हुकूम सोरायच्या. पन मी येवढी बोलले, तवा गप ऐकल्या. तसं कोन ऐकतं?"

परवा शेरलचा फोन आला. ऑफिसच्या माणसांबरोबर ती पुन्हा त्याच हॉटेलात गेली होती.

"मी मॅनेजरला बोलावलं," ती म्हणाली. "विचारलं, तुमच्या सफाईच्या बायका कुठे जेवतात, कुठल्या संडासात जातात. तो हसला. म्हणाला, मॅडम, वुई टेक केअर. आणि टेबलावर एक गोड पदार्थ पाठवला, त्यांच्याकडून, फुकट."

"मग?"

"सगळे खात होते. मीपण खाल्ला, वर्षाताई. चांगला होता. घरी येऊन ओकले."

मावशी असती तर काय म्हणाली असती, असं तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की तुला ओरडल्या नसत्या, पाणी पाजलं असतं, आणि तिथे परत पाठवलं असतं.

"परत?"

"हो. पण आधी तिथल्या बायकांना विचारून."

"एकटी जाऊ?"

"शनिवारी मला सुट्टी आहे," मी म्हणाले.