दुसरा फुगा

आमच्या आईला चारचौघांत उखाणा घ्यायची भारी लाज. कुणी आग्रह केला की तोंडाला पदर लावून थेट स्वयंपाकघर गाठायची. म्हणूनच त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, चिकलठाण्याच्या हॉलमध्ये, तिच्या तोंडून बाबांचं नाव ऐकायचंच असा मी चंग बांधला. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. आईचा उपास, आणि चंद्र उगवायचा होता.

सजावटीला हेलियमचे फुगे होते. एकातला गॅस ओढून मी चिरक्या आवाजात बाबांना शुभेच्छा दिल्या, तसा हॉल हसून लोटपोट झाला. मग एक फुगा आईपुढे धरला. म्हटलं, "आवाजच तुझा नसणार, मग लाज कसली?" ही युक्ती मला तेव्हा भलतीच हुशारीची वाटली होती.

आईने जरासा ओढला, दोन शब्द बोलली आणि स्वतःच खुदकन हसली. मागून कुणी म्हणालं, ऐकूच आलं नाही. मी दुसरा फुगा दिला. "पूर्ण ओढ आई, आणि जरा धरून ठेव."

हे सांगणारा मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. नायट्रोजनच्या टाकीजवळ काम करणाऱ्यांना मीच शिकवतो: हा वायू विषारी नाही, त्याला वास नाही, तो फक्त छातीतला ऑक्सिजन हाकलतो. श्वास चालूच असतो, म्हणून जीव घाबरत नाही, आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. हेलियमही त्याच जातीचा. पण फुगा गुलाबी होता, त्याला रिबीन होती, आणि मला टाळ्या हव्या होत्या.

आईने उखाणा सुरू केला. नावापाशी आली आणि थांबली. लाजली, असं समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या सगळ्यांत जोरात. त्या टाळ्यांतच ती स्टेजच्या पायरीवर पडली.

लगेच शुद्धीवर आली, पण मनगट मोडलं होतं. मावशी म्हणाली, उपाशीपोटी चक्कर आली असणार. आईनेही मान हलवली. "व्हय, उपासच बाधला. तुझ्या कार्यक्रमाचा इचका केला बघ मी." डॉक्टरांनाही तेच सांगितलं गेलं. मी शेजारीच उभा होतो. पोरांसाठी घरी आणलेले उरलेले फुगे तेवढे गच्चीवर नेऊन फोडले.

पुढच्या संकष्टीला बाबांनी तिला उपास कायमचा सोडायला लावला. पाचोडला माहेरी असल्यापासून धरलेला उपास. प्लास्टरमधल्या हातासकट ती देवापुढे बराच वेळ उभी राहिली. तेव्हापासून दर संकष्टीला सकाळी पोहे खाते, आमच्याकडे पाठ करून, चोरून खाल्ल्यासारखे.

परवा मला ते बघवलं नाही. समोर बसलो आणि सांगून टाकलं. उपासाने काही झालं नव्हतं, फुग्याने झालं. आणि मला ते आधीपासून ठाऊक होतं.

तिने आधी विचारलं, "पोरांनी तर नाय ना वढला तो गॅस?"

"नाही."

"मग मला उपास कामून सोडू दिला?"

तिने पोह्यांची ताटली माझ्याकडे सरकवली आणि हात धुवायला उठली.