चेपलेल्या नळीचं उत्तर

राहू या आमच्या गावी उसात ठिबकच्या नळ्या आहेत. नळीचं टोक दुमडून त्यावर कडी चढवली की पाणी थांबतं. शाळेत असल्यापासून ते काम माझं. पुढे पीएच.डी.ला विषय घेतला तोही नळ्यांचाच, फक्त कार्बनच्या, केसाहून हजारो पटींनी बारीक. अशी नळी चेपली तर तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांचं काय होतं, हे संगणकावर गणित मांडून बघायचं. शिरूरच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. तिथे कायमची एक जागा निघणार होती, आणि मुलाखतीआधी पदवी हातात हवी होती.

मी घेतलेली नळी मुळातच वीज सहजी वाहू न देणारी. चेपली की आणखी अडणार, हे मी धरूनच चालले होते. गणित मात्र उलटंच बोलायला लागलं. नळी चेपत नेली तसा इलेक्ट्रॉनांपुढचा अडथळा कमी होत गेला आणि शेवटी उरलाच नाही. म्हटलं, कुठेतरी शेण खाल्लंय आपण. आकडे बदलले, पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. मग ते पुसून टाकायचं आणि नव्याने मांडायचं. असे चार महिने गेले. मार्गदर्शकांना विचारायची लाज वाटत होती. एवढं साधं चुकतंय हे कुठल्या तोंडाने सांगणार?

दिवाळीला घरी गेले तेव्हा आप्पांना, म्हणजे वडिलांना, उसाच्या कडेला बसून हे रडगाणं ऐकवलं. सातवी शिकलेला माणूस. त्यांनी विचारलं, तुझ्या नळीतनं वाहतंय काय? मी म्हटलं, पोकळीत काहीच नसतं, इलेक्ट्रॉन भिंतीतच पसरलेले असतात.

"मंग पान्याचा कायदा त्यांला कशापायी लावती तू?"

भिंत वाकली की अणूंची मांडणी बदलते आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटाही बदलतात, हे मी स्वतः फळ्यावर शिकवलेलं होतं.

पुण्याला जाऊन मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अहो, हेच तर उत्तर आहे. पण जुनं सगळं मी पुसलेलं, त्यामुळे पहिल्यापासून करावं लागलं. तोवर मुलाखत होऊन गेली आणि जागा दुसऱ्याला मिळाली.

नंतर पदवी मिळाली, पेढे वाटले. अजून तिथेच तासावर शिकवते. जागा कुणी वशिल्याने लाटली असती तर त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. पण खरं उत्तर चार महिने माझ्यासमोर येत होतं, आणि मी रोज ते माझ्याच हाताने पुसत होते.