चार केळी

अंगणवाडीची साडी नेसताना सेफ्टी पिन दातांत धरायची, ही सवय मला कधी लागली ते आठवत नाही. एका हातात निऱ्या, दुसऱ्यात पदर. पिन ठेवायची कुठं? त्या सकाळी मोबाईल वाजला. पोषण आहाराचे फोटो पाठवले नाहीत म्हणून सुपरवायझर मॅडमचा असणार. हल्ली कामापेक्षा कामाचे फोटोच जास्त. मोबाईल खांद्यानं कानाशी दाबून मी "हॅलो" म्हटलं आणि उघडी पिन घशात जाऊन अडकली.

सासूबाई चुलीपाशी होत्या. आमच्याकडं माशाचा काटा अडकला की केळं चारतात, तसं त्यांनी लगेच केळं सोललं. मग दुसरं. "गीळ पोरी, चावू नगंस. समदं खाली जातंय." चार झाली. मी "आत्या, आता बास" म्हणेपर्यंत टोचायचं थांबलं होतं. दोघींनाही हायसं वाटलं.

तरी नवऱ्यानं आम्हाला नसरापूरच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेमध्ये पिन पोटात दिसली, उघडीच. तिथून पुण्याला धाडलं. पुण्याच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, काय खाल्लंय? केळ्यांचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. भरल्या पोटी भूल द्यायची तर उलटी होऊन अन्न फुप्फुसात जायची भीती. संध्याकाळपर्यंत थांबायचं, तोवर पिन आतड्यात उतरली तर कदाचित पोट उघडावं लागेल.

मी खाटेवर पडून राहिले. सासूबाईंचा राग आला होता, फार आला होता, पण भांडायलाही अंगात त्राण नव्हतं. त्या पायाशी बसून होत्या. नवऱ्यानं आणलेला चहा तसाच निवला. दिवसभरात एकदाच म्हणाल्या, "माज्याच हातानं ढकलली म्या." मी 'नाही' म्हटलं नाही. ते अजून सलतं.

संध्याकाळी दुर्बीण घालून पिन काढली. शुद्धीवर आले तेव्हा घसा सोलवटला होता, पाणी हवं होतं. सासूबाईंनी बाटली उघडली, माझ्या ओठांपर्यंत आणली आणि तिथंच थांबल्या. मग नर्सकडं वळल्या. इतकी वर्षं कुणाचं न ऐकता सगळ्यांच्या ताटात वाढत आलेली बाई हात जोडून विचारत होती, "शिष्टर, हिला घोटभर पाणी देऊ का?"