मवाळ घंटी

टंकूनानांच्या दुकानात दुपार एकदा शिरली की तिला बाहेर जायची वाटच सापडत नसे. वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा उतरायचा, फळीवरच्या टाइपरायटरांना मांजरासारखा अंग घासत जायचा आणि तेलाच्या वासात तिथेच पेंगायचा. नाना त्या पट्ट्यामागे स्टूल सरकवत काम करत. उजेड फुकटचा झाला तरी त्याच्या मागेमागे फिरावं लागतंच की.

मधली कितीतरी वर्षं या दुकानाकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. मग कुठून वारं फिरलं कोण जाणे, तरुण पोरंपोरी यायला लागली. कुणाला दिवाणखान्यात मांडायला यंत्र हवं, कुणाला खरोखर लिहायला. एकजण म्हणाला, यावर लिहिताना मधेच कुणाचा निरोप येऊन टपकत नाही, हेच सुख. नानांना वाटलं, याला यंत्र कशाला, दाराला कडी पुरे. पण विकलं, आणि वर फीत कशी चढवायची तेही हौसेने शिकवलं. बायको माळ्यावरून टोमणा मारायची, "उपवर झालात की हो म्हातारपणी. रोज कुणी ना कुणी बघायला येतंय."

नानांचा एक नेम होता. यंत्र आलं की आधी त्याला आंघोळ. रॉकेल, ब्रश, चिमटा, आणि कानाकोपऱ्यातला मळ जन्मापासूनचा असला तरी बाहेर. ओळ संपताना वाजणारी घंटी तर अशी खणखणीत वाजली पाहिजे की समोरच्या शिंप्याने मान वर करावी.

अशात एक बाई वडिलांचं यंत्र घेऊन आली. वडील घरी बसून लोकांचे कागद टाइप करून देत. ते गेल्यापासून तिच्या आईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. साऱ्या संसारभर ती माउली शेजारच्या खोलीतल्या त्या खटखटीवर झोपली होती. लेकीने मोबाइलवर तसला आवाज शोधून उशाशी लावून पाहिला, तर आई म्हणाली, हे कोण नखं वाजवतंय? तेव्हा लेकीने ठरवलं, खरं यंत्र दुरुस्त करायचं आणि आपणच रोज बडवत बसायचं.

नानांनी जीव ओतून काम केलं. यंत्र न्यायच्या दिवशी आईही आली. चिमणीएवढी बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिला खुर्चीत बसवून नानांनी कागद चढवला आणि बोटं सोडली. खटखट सुरू झाली तशी तिने डोळे मिटले, खांदे सैल पडले, ओठांवर हसू उमटू लागलं, आणि ओळ संपली.

टिंग.

म्हातारी दचकून ताठ बसली. "हे आमचं नव्हे," ती म्हणाली. "बदललंत तुम्ही."

लेक शरमेने लाल झाली. नानांच्या हाताखालून आजवर इतकी यंत्रं गेली, पण हा शब्द कुणी काढला नव्हता. त्यांचा आवाज चढणारच होता, पण म्हातारी रडवेली होऊन समजावत होती की आमची घंटी कशी ओरडत नसे, नुसती टुक करायची, जशी कुणी बोटाने गालाला टिचकी मारावी.

आणि नानांच्या डोळ्यांपुढे चिमटा आला. चिमट्यात घंटीखालून ओढून काढलेला काळाकुट्ट बोळा. उंदराचा उद्योग समजून त्यांनी तो केराबरोबर फेकला होता.

"वहिनी, यंत्र तुमचंच आहे," नाना खाली बघत म्हणाले. "घंटीत कापड कोंबलेलं होतं. मळ समजून मीच काढून टाकलं."

"कापड?" म्हातारी गोंधळली. "तिथे कापड कशाला?"

उत्तर तिचं तिलाच हळूहळू सापडत गेलं. दोनच खोल्या, मधे पडदा, तान्ही लेक, आणि दिवसभर राबून आडवी झालेली ती. "मला आपलं वाटायचं, यंत्रच मवाळ आहे," ती म्हणाली. "बोलायचं तरी एकदा यांनी."

मग नानांनी दुकान पालथं घातलं. लोकरीचा जाड नमदा लावला तर घंटी मुकीच झाली. चामड्याने ती खोकायला लागली. रबराचा तुकडा म्हातारीने नुसती मान हलवून परत पाठवला. नानांचं तोंड उतरलं. एवढ्यात माळ्यावरून बायको चिंध्यांचं बोचकं घेऊन उतरली आणि नातवाच्या विटक्या झबल्याची पट्टी फाडून म्हणाली, "मऊ आहे. बघा याने जमतंय का."

नानांनी पट्टी घडी करून सरकवली. जरा आत, जरा बाहेर. टाइप करत गेले. ओळ संपली. टुक.

नानांनी दुसरी ओळ घेतली, तिसरी घेतली. मान वर करून पाहिलं तर म्हातारीची हनुवटी छातीवर टेकली होती आणि श्वास संथ चालला होता.

लेक उठू लागली तसं नानांनी डोळ्यांनीच तिला खाली बसवलं. मजकूर केव्हाच संपला होता, म्हणून जी अक्षरं बोटाखाली येतील ती ते मारत राहिले. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढून गेला. एक गिऱ्हाईक दारात आलं, त्याला बायकोने ओठांवर बोट ठेवून पायरीवरच थोपवलं. नानांची मनगटं भरून आली होती, पण थांबायची त्यांची छाती होत नव्हती.