लांबून हाक मारायची न्हाय

मारुतीराव गेल्याचा फोन त्यांच्या नातीनं, सुवर्णानं केला, तेव्हा मी इंदापूरच्या घरी ओसरीवरच्या खुर्चीत फाटकाकडे पाठ करून बसलो होतो. महिन्यापूर्वी ते याच खुर्चीपाशी आले होते. फाटकातून हाक मारली नाही. शेजारी येऊन हळूच "आनो..." म्हणाले आणि मी मान वळवेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "तात्या, सुवर्णा नर्स म्हणून जपानला चाललीय. तुमचं ते पुस्तक हाय का एखादं?"

तुमचं, म्हणाले. मी प्रत आणून दिली आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं आज सगळ्यांपुढे मोडतो आहे.

बारामतीजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो, कन्हेरीचे मारुतीराव ड्रायव्हर. नवी मशिनं बसवायला आलेल्या जपानी साहेबाची ने-आण त्यांच्याकडे होती. आम्ही सगळी शेतातली माणसं, दोन बांध पलीकडच्याला ओरडून बोलावणारी. एकदा चहासाठी मी त्या साहेबाला तशीच हाक मारली. कुणाचा तरी हात मशिनीत अडकला असं समजून त्यानं धावत जाऊन लाल बटण दाबलं. अख्खी लाइन बंद. सगळे मला हसले. मारुतीरावांनी मात्र गाडीत साहेबाला खाणाखुणांनी विचारलं, मग बोलवायचं तरी कसं?

तेव्हापासून मारुतीरावांच्या वहीत रोज एक जपानी शब्द उतरू लागला. सकाळी दोस्ताला नुसतं 'ओहायो', मोठ्या माणसाला 'ओहायो गोझाइमास'. जवळच्याचं लक्ष वेधायला 'नेए'. काम सुटल्यावर एकमेकांना 'ओत्सुकारे'. आणि पहिल्या पानावर : 'लांबून हाक मारायची न्हाय. जवळ जायचं. आनो, म्हंजी 'अहो, जरा', म्हनायचं. त्यानं बघेपर्यंत थांबायचं.'

माझं अक्षर बरं म्हणून त्यांनी वही मला नीट उतरवून काढायला दिली. कारखान्यानं पुस्तिका छापली, तीवर नाव माझं आलं. मी ते येऊ दिलं. मी सत्काराची शाल घेत होतो तेव्हा मारुतीराव पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. परतताना गाडीत मी चाचरत नावाचा विषय काढला, तर म्हणाले, "त्यात काय, तात्या. लोकं वरडायची थांबली न्हवं?"

त्यांच्यामुळे माझंही ओरडणं थांबलं. पाणी हवं असलं की मी स्वयंपाकघरात जाऊन सांगू लागलो. "जपानी झालात व्हय?" असं बायको म्हणायची, पण खुशीत असायची. पुढची सगळी वर्षं आमच्या घरात आवाज चढला नाही, हे देणं मारुतीरावांचं.

गेल्या आठवड्यात कन्हेरीला जाऊन सुवर्णाला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "ठाऊक हाय, तात्या. वही घरातच हाय. आबांनी मला त्यातनंच शिकवलं."

"मग पुस्तक मागायला कशाला आले?"

"म्हनाले, तात्याला कायतरी बोलायचं असंल... जाऊन बघतो."

तिच्या प्रतीवरचं माझं नाव मी खोडलं, तिथं त्यांचं लिहिलं. ती प्रत आता तिच्या बॅगेत आहे.

घरी आल्यावर ओसरीवरची खुर्ची मी फिरवून ठेवली... फाटकाकडे तोंड करून.