ताबा सोडायचा नाही

आमच्या घराचा सौदा मोडला, त्याला कारण मी. मी भिंतींना चुना फार चांगला दिला.

ही सत्तरच्या दशकातली मंठ्याची गोष्ट. आमचे हे तिथल्या प्राथमिक शाळेत होते. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणू लागले. आम्ही जवळजवळ दर वर्षी खोली बदलायचो, आणि ती काही हौस नव्हती. खोली बघायला गेलं की घरमालक आधी चहाचं विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळलं की खोली कालच गेलेली असायची. (चहाही तिच्याबरोबरच जायचा!) मिळायची त्या खोलीत काहीतरी खोड असायचीच. शेवटच्या खोलीत आमच्या आणि मालकाच्या म्हशीच्या मध्ये फक्त कुडाची भिंत होती, आणि म्हैस त्या भिंतीला टेकून झोपायची. मला स्वतःचं घर हवं होतं. दारात उभं राहून आलेल्या माणसाचं आडनाव मला विचारता यावं, एवढीच इच्छा होती. (विचारलं नसतंच. पण विचारता यावं!)

अशात रंगनाथआबांचं घर विकायला निघालं. आबा एकटेच होते. मुलगा परभणीला नोकरीला, त्याच्याकडे कायमचं जायचं म्हणत होते. घर म्हणजे दोन खोल्या, ओसरी, वर मातीचं माळवद, मागं आड आणि शेवग्याचं एक झाड. माळवद गळत होतं, भिंतींचे पोपडे निघाले होते आणि आडात पाण्यापेक्षा बेडूक जास्त होते. आबांनी आडनाव विचारलं नाही. आमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "दोन सालापासून कोनी गिऱ्हाईक येईना. तुम्ही जरा येडे दिसता. घ्या तुम्हीच."

इसार दिला, कागद झाला, शेजारच्यांनी साक्षीला सह्या केल्या. मुलाला रजा मिळाली की, म्हणजे सुगीनंतर, खरेदीखत करायचं ठरलं. परभणीला जाताना आबांनी किल्ली माझ्याच हातात दिली.

"मास्तरीणबाई, खुशाल ऱ्हायला या. बंद घरात उंदरं मालक होतेत."

इथं शहाणी बाई किल्ली कमरेला खोचून गप्प बसली असती. मी केरसुणी उचलली. घनसावंगीहून माझे दोन भाऊ बोलावले आणि आड उपसून घेतला. माळवदावर पांढरी माती चढवली, अंगण सारवलं, बिऱ्हाड आणलं, आणि मग चुना! चुन्यात नीळ जरा जास्त पडली. (जरा म्हणजे अख्खी पुडी!) घर बसस्टँडवरून दिसायला लागलं.

मास्तर म्हणाले, "अगं, अजून खरेदीखत व्हायचंय. कशाला एवढा खर्च?"

"होईल की! घर काय पळून चाललंय?"

घर पळालं नाही. मालक आला.

सुगी संपता संपता आबा परभणीहून आले ते समोरच्या खोलीत राहिलेली आपली खाट न्यायला. आले आणि सरळ शेजाऱ्याच्या अंगणात शिरले. तिथून हाकलल्यावर परत फिरले आणि आमच्या दारात उभे राहिले.

"हे माझंच घर हाय का?"

"तुमचंच की आबा!" मी म्हणाले. (एवढं एक वाक्य मी गिळलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.)

मी त्यांना हौसेनं सगळं दाखवलं. आड दाखवला, माळवद दाखवलं, भिंतीवर हात फिरवायला लावला. मग आलं घालून चहा दिला. आबा खाटेवर बसून चहा प्याले, कप खाली ठेवला आणि छताकडे बघत राहिले.

"मास्तरीणबाई, मी कामून इकून राह्यलो हे?"

मी हसले. आबा हसले नाहीत.

"मास्तरला सांगा, सौदा रद्द. इसार वापस घ्या म्हनावं."

मास्तरांना भलतीच शंका आली. कुणीतरी आबांचे कान भरले असणार, 'यांना घर कशाला देता' म्हणून. शंका येण्यासारखे दिवस होतेच. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आबा, कुणी काही बोललं का?"

"कोन बोलतंय मला? ह्या भिंतीच बोलून राह्यल्या. आल्तो खाट न्यायला, आता खाटंवरनं उठू वाटंना!"

शंका खोटी निघाल्याचं मला बरं वाटलं. पण चुन्यानं घर गेलं, हे माहेरी सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी मास्तर जालन्याला जाऊन एका वकिलांना भेटून आले. संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी मला सगळं समजावलं. मास्तरांचा आवाज चौथीच्या वर्गाला पुरेल एवढा होता, आणि घरातही तो तेवढाच लागायचा.

"नीट ऐक. मालक फिरला म्हणून आपण हताश व्हायचं नाही. आधी रीतसर नोटीस द्यायची. उरलेली रक्कम तयार ठेवायची, म्हणजे आपण शब्दाला पक्के आहोत हे कोर्टाला दिसतं. मग कोर्ट त्यांना खरेदीखत करून द्यायला लावू शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं काय? ताबा! जो घरात आहे त्यानं घरातच राहायचं. काही झालं तरी ताबा सोडायचा नाही!"

समोरच्या खोलीतून आबांचा आवाज आला, "मास्तर, ते शेवटचं परत एकदा सांगा."

आणि मास्तरांनी परत सांगितलं! उदाहरण देऊन सांगितलं! शिकणारा मागच्या बाकावरचा असला तरी त्याला दोनदा समजावायचं, असा त्यांचा नेम होता.

त्या दिवसापासून आबांनी ताबा सोडला नाही. आम्हीही सोडला नाही. आत आम्ही, समोरच्या खोलीत ते, आणि मध्ये चूल. आता घरात वडीलधारं माणूस बसलेलं असताना, त्याला न विचारता आपली ताटं वाढून घ्यायची, हे काही मला आईनं शिकवलं नव्हतं. मी विचारलं, "आबा, जेवता का?" नाही म्हणतील याची खात्री होती. गावातली पुष्कळ माणसं तेव्हा आमच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत.

"भाजी कशाची हाय?"

"शेवग्याची."

"म्हंजी माझ्याच झाडाची. वाढा."

दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी त्यांना टोकलंच, "आबा, तुम्ही त्यांच्यात जेवता?" आबा म्हणाले, "तुम्ही बी या की. ठेचा असा हाय, पागोटं उडून जाईल!" मास्तरांनी हे मला येऊन सांगितलं आणि माझे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी केलेल्या भाकरी त्या दिवशी काय फुगल्या! वर मी तूपही वाढलं. दाव्याच्या दृष्टीनं ही माझी दुसरी चूक.

मग वकिलांची नोटीस आली. रजिस्टर पोस्टानं, त्याच घरी, कारण आबांचा पत्ता तोच होता! आबांचा चष्मा परभणीला राहिलेला.

"मास्तर, जरा वाचा बरं."

मास्तरांनी आपलीच नोटीस आबांना खड्या आवाजात वाचून दाखवली.

"लई कडक हाय," आबा म्हणाले. "कोनी धाडली?"

"मी."

"बराबर. मंग आता ह्याचा जवाब बी लिहा."

गावातला प्रत्येक कागद मास्तर लिहायचे. तहसीलचा अर्ज असो, मनीऑर्डर असो, नाहीतर रुसलेल्या जावयाला पत्र, त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. तरी मी त्यांना स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"अहो, आपल्याच विरुद्ध लिहिता?"

"विरुद्ध असलं म्हणून काय अर्धवट लिहायचं?"

आबांचं म्हणणं एवढंच होतं, 'इकायचं न्हाई, बस.' मास्तर म्हणाले, "असं चालत नाही आबा, कारणं लागतात." आणि कारणं त्यांनीच पुरवली! मुलाची संमती घेतली नाही, घराशी जन्मभराची माया जडलेली आहे, आणि घेणाऱ्याच्या पत्नीने मालकाची परवानगी न घेता संपूर्ण घरास निळा रंग फासला आहे.

"निळीचं कशाला लिहिलंत?" मी किंचाळलेच.

"मुद्दा मजबूत आहे," मास्तर म्हणाले आणि सुंदर अक्षरात नक्कल करायला बसले.

पुढच्या खेपेला मास्तर जालन्याहून आले ते चेहरा फुलवून. "वकीलसाहेब म्हणाले, उत्तर फर्स्ट क्लास आहे! समोरच्यानं औरंगाबादचा वकील लावला असणार म्हणे. तडजोड करा म्हणाले."

मी हातातली परात अशी ठेवली की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकलं.

आता मलाच काहीतरी करणं भाग होतं. मी चूल हातात घेतली. दुसऱ्या दिवशी वरणात मीठ दुप्पट घातलं, भाकरी करपवली आणि चहा केला तो नुसतं गरम पाणी. मास्तर घास घोळवत राहिले. आमची पोरं शेजारी जेवून आली. आबा मात्र मान खाली घालून निमूट जेवले. आठवडाभर हेच चाललं. शेवटी माझाच धीर सुटला.

"आबा, गोड लागत नसेल ना?"

"न्हाई, न्हाई. बराबर परभणीसारखं लागून राह्यलं."

मग करपलेली भाकरी मोडत म्हणाले, "तिथं वाईट कोनी न्हाई. पोरगं बी चांगलं, सून बी चांगली. टायमाला ताट येतं. पण 'आबा, जेवता का' असं कोनी इचारत न्हाई. ताट ठिवतेत आन् जातेत. हे घर इकलं की मंग मला तिथंच ऱ्हावं लागंल. तुम्हाला न्हाई म्हनायचं जिवावर येतं, पण काय करू?"

म्हणजे आबांना घर नकोच होतं. त्यांना फक्त जायचं नव्हतं. आणि या माणसाला मी आठवडाभर खारं वरण वाढलं होतं! मला स्वतःचा इतका राग आला की मी काही विचार न करता बोलून गेले, "आबा, घर आमच्या नावावर करा आणि तुम्हीही इथंच राहा."

"अगं, पण ताबा..." मास्तर म्हणाले.

"ताबा गेला खड्ड्यात!"

आबा दाढी खाजवत राहिले. "चहात आलं टाकताल का?"

"टाकीन."

"मीठ?"

"बेतानं घालीन."

"मंग लिहा मास्तर, जल्दी."

खरेदीखत झालं. आबांचा मुलगा आला, त्यानं हसतमुखानं साक्षीला सही केली आणि दुपारच्या बसनं गेलासुद्धा. लोक घरासोबत आड आणि झाड लिहून घेतात. आम्ही मालकही लिहून घेतला, समोरच्या खोलीसह, हयातभर. पुढं आबा पुष्कळ वर्षं जगले. दर वर्षी चुना देताना खाटेवरून ओरडायचे, "सूनबाई, नीळ कमी!" मी मुद्दाम जास्त टाकायचे. ते गेले त्या वर्षी मी भिंती पांढऱ्या ठेवून बघितल्या. मला करमेना, पुन्हा निळ्या केल्या.

वकिलांना फी आम्ही दिली, पण त्यांचा सल्ला पाळला तो एकट्या आबांनी.

आता मास्तरही नाहीत. मुलगा म्हणतो, आई, घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. मी हो म्हटलं. मागच्या महिन्यात एक तरुण जोडपं आलं, मी त्यांचं आडनाव विचारलं नाही. इसार झाला, किल्ली मीच त्या मुलीच्या हातात दिली आणि मुलाकडे गेले. तिथं टायमाला ताट येतं.

परवा राहिलेली खाट न्यायला म्हणून इथं आले. पोरीनं घर काय झकास केलंय! घटकाभर टेकावं म्हणून खाटेवर बसले, तर तिनं विचारलं, "आजी, जेवता का?"

काल तिचा नवरा वकिलाकडे जाऊन आला म्हणे. येऊ दे नोटीस. उत्तर लिहायला मास्तर नाहीत, एवढीच काय ती पंचाईत. पोरगी गुणाची आहे, फक्त चहा जरा पातळ करते. सुधारेल. मी आहे की इथं!